स्मृतीची परीक्षा की शाळेची?



शासकीय नियोजनात ज्या प्रश्नाची मोजणी झालेली नसते, त्यासाठी निधीची तरतूदही सहसा होत नाही. म्हणूनच मोजण्याचे साधन सदोष असेल तर त्याची किंमत समाजाला मोजावी लागते. वृद्धांमधील स्मृतिभ्रंश, म्हणजेच डिमेन्शिया, हे याचे बोलके उदाहरण आहे.

या विकाराचे निदान केवळ रक्ताच्या एका चाचणीने होत नाही. रुग्णाचा पूर्वेतिहास, शारीरिक तपासणी आणि त्याची स्मृती व आकलनशक्ती पाहणारी प्रश्नावली यांची सांगड घालावी लागते. यांपैकी सर्वाधिक प्रचलित प्रश्नावली 1975 मध्ये अमेरिकेत मार्शल फोल्स्टीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तयार केली. ती 30 गुणांची आहे. आजची तारीख सांगणे, तीन शब्द लक्षात ठेवणे, शंभरातून सात-सात वजा करत जाणे, लिहिलेली सूचना वाचून तसे करणे, एक वाक्य लिहिणे आणि परस्परांना छेदणारे दोन पंचकोन काढणे, असे तिचे स्वरूप आहे. 24 पेक्षा कमी गुण मिळाल्यास पुढील तपासणीची गरज आहे, असे सर्वसाधारणपणे मानले जाते.

आता आपल्याकडील वृद्धांचा विचार करावा. 1951 च्या जनगणनेनुसार देशात साक्षरतेचे प्रमाण 18.33 टक्के आणि स्त्रियांमध्ये केवळ 8.86 टक्के होते. आज पंचाहत्तरी गाठलेली पिढी त्या सुमारास जन्मली. जिने आयुष्यात लेखणी हाती धरली नाही, त्या आजीला वाक्य लिहिता आले नाही तर तो दोष स्मृतीचा नाही. उलट, निवृत्त शिक्षकाची स्मृती ढासळू लागली असली, तरी शिक्षणाच्या बळावर तो उत्तम गुण मिळवू शकतो. पहिल्या चुकीने निरोगी व्यक्तीवर रुग्णाचा शिक्का बसतो आणि जमीन-घराच्या व्यवहारात तिच्या निर्णयक्षमतेवर शंका घेण्यास वाव मिळतो. दुसऱ्या चुकीने खऱ्या रुग्णाच्या उपचाराची आणि आर्थिक व्यवस्थेची वेळ हातातून निसटते.

या अडचणीवर भारतातच मार्ग शोधला गेला. हरियाणातील बल्लभगड परिसरात भारत-अमेरिका संयुक्त अभ्यासातून हिंदी प्रश्नावली विकसित झाली व ती 1995 मध्ये प्रसिद्ध झाली. शब्दाची अक्षरे उलट्या क्रमाने सांगण्याऐवजी आठवड्याचे वार उलट्या क्रमाने विचारण्यात आले. सूचना वाचण्याऐवजी समोरच्या व्यक्तीप्रमाणे डोळे मिटावयाचे होते. लेखनाऐवजी आपल्या घराविषयी काही सांगावयाचे होते. आपले गाव कोणत्या टपाल कचेरीखाली येते, असाही प्रश्न होता. कस स्मृतीचाच लागत होता. मात्र परीक्षा त्या माणसाच्या जगातली होती. त्याच प्रकल्पात कुटुंबीयांना विचारण्यासाठी दैनंदिन व्यवहारांची स्वतंत्र प्रश्नावलीही तयार करण्यात आली. वृद्ध व्यक्ती नुकतेच जेवल्याचे विसरते काय, यांसारख्या प्रश्नांना साक्षरतेची अट नसते.

तेथे 1998 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत 55 वर्षांवरील 5,126 व्यक्ती होत्या आणि त्यांतील 73.3 टक्के निरक्षर होत्या. 65 वर्षांवरील लोकांत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण 1.36 टक्के आढळले. पुढे मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेचा सहभाग असलेल्या देशव्यापी वार्धक्य पाहणीशी जोडलेल्या अभ्यासातून 2023 मध्ये नवा अंदाज आला. त्यानुसार 60 वर्षांवरील 7.4 टक्के, म्हणजे सुमारे 88 लाख भारतीय स्मृतिभ्रंशाने ग्रस्त असावेत. स्त्रियांमध्ये आणि ग्रामीण भागात हे प्रमाण अधिक आढळले. या दोन आकड्यांवरून रोग पाचपटीने वाढला, असा निष्कर्ष मात्र काढता येणार नाही. प्रदेश, वयोगट आणि निदानाची पद्धत या तिन्ही बाबी भिन्न आहेत.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. कमी शिकलेल्यांमधील अधिक प्रमाण हा सर्वस्वी मोजणीचा दोष नव्हे. शिक्षणामुळे मेंदूची झीज सोसण्याची क्षमता वाढते, असे मानण्यास सबळ आधार आहे. म्हणजे शाळेपासून वंचित राहिलेल्या स्त्रीवर दुहेरी अन्याय होतो: तिला रोगाचा धोका अधिक असतो आणि तिच्या बाबतीत निदानाचे साधनही अधिक चुकते.

धोरणाच्या दृष्टीने यातून तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, गुणांचा निर्णय शिक्षण व वय लक्षात घेऊनच व्हावा आणि त्याला कुटुंबीयांच्या माहितीची जोड असावी. दुसरी, चाचणी वृद्धाच्या बोलीभाषेत हवी. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड व मल्याळम या भाषांत तपासणी-संच तयार करून या दिशेने पाऊल टाकले आहे. तिसरी, कमी गुण म्हणजे अंतिम निदान नव्हे. बी-12 जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइडचे विकार, नैराश्य किंवा ऐकू न येणे यांमुळेही गुण घटतात आणि या कारणांवर उपचार होऊ शकतात. ती तपासण्याची सोय प्राथमिक आरोग्य केंद्राच्या पातळीवर करणे खर्चाच्या दृष्टीनेही शहाणपणाचे आहे.

‘म्हातारपणी विसरायचेच’ असे म्हणून घरोघरी हा प्रश्न बाजूला सारला जातो. वृद्धांना त्यांच्या आयुष्याशी सुसंगत असे प्रश्न विचारले, तरच त्यांच्या उत्तरांतून खरा आजार ओळखता येईल आणि त्यांच्यासाठीचा निधीही योग्य ठिकाणी पोहोचेल.