रोगमुक्त भगिनी आणि व्यायाम



स्तनाच्या कर्करोगातून बरी झालेली स्त्री घरी आली की आपण मायेपोटी तिला कामास हात लावू देत नाही. ही माया खरी. परंतु सततची विश्रांती हितावह नव्हे, हेच आज आम्हांस सांगावयाचे आहे.

शस्त्रक्रियेनंतर हातास श्रम दिल्यास सूज येते, असे वैद्यकातही मानीत. १९९६ साली कॅनडातील व्हँकूवर येथे डॉ. डॉन मॅकेन्झी यांनी अशा २४ स्त्रियांना नाव वल्हविण्यास शिकविले. एकीच्याही हातास नवी सूज आली नाही.

आता दमश्वासाच्या व्यायामाविषयी. डॉक्सोरुबिसिनसारख्या औषधाने शरीरात मुक्त मूलके नामक उपद्रवी कण वाढतात व हृदयास इजा पोहोचू शकते. व्यायामानेही हे कण निर्माण होतात. मग तो घातक नव्हे काय? नव्हे. माफक व नित्य व्यायामात ते थोडे थोडे उत्पन्न होतात आणि त्यांस निष्प्रभ करणारी शरीराची स्वतःची द्रव्ये वाढीस लागतात. २००९ साली जर्मनीत निरोगी तरुणांवर झालेल्या प्रयोगात क व ई जीवनसत्त्वांच्या गोळ्यांनी व्यायामाचा लाभ उलट घटला. तेव्हा अशा गोळ्या मनाने घेऊ नयेत.

डॉक्टरांच्या संमतीने दहा मिनिटांपासून आरंभ करावा व हळूहळू आठवड्यास १५० मिनिटे भरभर चालण्यापर्यंत जावे. घरच्या मंडळींनी तिला अडवू नये. तिच्या सोबतीस निघावे, एवढीच आमची विनंती आहे.