सहअध्ययनाचे सामर्थ्य
(बराकपूर येथील महाविद्यालयीन विद्यार्थ्यांपुढे दिलेले भाषण)



विज्ञानशाखेत प्रवेश घेताना असलेला उत्साह पहिल्या काही महिन्यांतच पुष्कळांच्या चेहऱ्यावरून मावळतो. कलनशास्त्रातील एखादे उदाहरण सुटत नाही. वर्गात विचारावे तर हसे होईल, असे वाटते. 'सर्वांना समजले, मलाच समजले नाही', असे मानून विद्यार्थी गप्प राहतो आणि अखेर विषयच सोडून देतो. ही हानी बहुधा बुद्धीच्या अभावाने होत नाही. ती एकटेपणाने होते.

येथून लोकलने तासाभरात गाठता येणाऱ्या कोलकात्याचेच उदाहरण घ्या. १९१५ साली एम. एस्सी. झालेले सत्येंद्रनाथ बोस आणि मेघनाद साहा हे दोन सहाध्यायी पुढे तेथील विज्ञान महाविद्यालयात अध्यापक झाले. दोघेही मिश्र गणिताचे विद्यार्थी. शिकवायचे होते नवे भौतिकशास्त्र. महायुद्धामुळे युरोपातील ग्रंथ दुर्मिळ झालेले. त्यांनी जर्मन भाषा आत्मसात केली, मिळतील ती पुस्तके मिळवली आणि परस्परांच्या साहाय्याने विषयात प्रवेश केला. १९१८ साली त्यांचा संयुक्त निबंध प्रसिद्ध झाला. १९२० साली आइन्स्टाइन व मिंकोव्स्की यांच्या सापेक्षतेवरील निबंधांचा त्यांनी केलेला इंग्रजी अनुवाद कलकत्ता विद्यापीठाने प्रकाशित केला. साहांचे आयनीभवनाचे समीकरण (१९२०) आणि बोसांची सांख्यिकी (१९२४) ही मात्र ज्याची त्याची स्वतंत्र कामगिरी होय. सहअध्ययनाने स्वतंत्र प्रज्ञा झाकोळत नाही, हे यावरून दिसून येईल.

१९७० नंतरच्या दशकात अमेरिकेत बर्कली येथे यूरी ट्राइसमन यांनी कलनशास्त्राच्या विद्यार्थ्यांची पाहणी केली. मागे पडणारे कृष्णवर्णीय विद्यार्थी कष्टाळू होते, परंतु एकेकटे अभ्यास करीत. यशस्वी होणारे चिनी वंशाचे विद्यार्थी आधी स्वतः उदाहरणे सोडवीत व नंतर एकत्र बसून ती ताडून पाहत. हे ध्यानी घेऊन ट्राइसमन यांनी कठीण प्रश्न गटाने सोडविण्याचे वर्ग सुरू केले, तेव्हा त्यांत सहभागी झालेल्या विद्यार्थ्यांचे निकाल सुधारले.

यातील क्रम महत्त्वाचा आहे: आधी एकट्याने झुंजावे, मग चौघांत बसावे. वही उतरवून घेण्यासाठी जमणे म्हणजे सहअध्ययन नव्हे. ज्याला समजले त्याने फळ्यापाशी उभे राहून सांगावे. ज्याला समजले नाही त्याने निःसंकोच अडवावे. सांगणाऱ्यालाही आपल्या ज्ञानातील भेगा तेव्हाच दिसतात.

म्हणून आज घरी जाण्यापूर्वी तीन सहाध्यायी शोधा, आठवड्यातील एक वार ठरवा आणि न सुटलेले एकेक उदाहरण घेऊन या. 'मला हे समजले नाही', असे म्हणण्यास संकोच वाटू नये, अशी एक जागा प्रत्येक विद्यार्थ्यास लाभली पाहिजे. आणि ती तुम्हीच परस्परांना देऊ शकता.