‘आनंदी आनंद’ शेवटपर्यंत वाचलीय का?

आज बालकवींची ‘आनंदी आनंद’. शाळेत टाळ्या वाजवत म्हणायची आणि विसरून जायची, असंच बहुतेकांनी हिचं केलंय. आज ती मोबाईलवर उघडा आणि शेवटच्या कडव्यापर्यंत जा.

आधी रचना. कडवी ५. मुख्य ओळी १४ मात्रांच्या. बोटांवर मोजून बघा, लघु एक, गुरू दोन. मग प्रत्येक कडव्याच्या शेवटाकडे ८-८ मात्रांच्या तीन आखूड ओळी येतात, एकाच यमकाच्या. तिथे वेग वाढतो, श्वास भरून येतो आणि पुन्हा १४ मात्रांच्या ध्रुवपदावर आपण येऊन टेकतो. अगदी झोक्यासारखं. त्यामुळे ही कविता सुतकी आवाजात म्हणताच येत नाही. मूड शब्दांच्या आधी चालीतून येतो. आणि ते ‘गडे’! कवी एकटाच खूश नाहीये, कुणाला तरी हाताला धरून दाखवतोय.

चार कडवी ऊन, चांदणं, नक्षत्र, झरे, पाखरं. पाचव्यात एकदम बाजार येतो, स्वार्थाचा. त्यात माणसं रडतायत. अख्ख्या कवितेत माणसं दिसतात ती इथेच, तीही रडताना!

आता आपल्या पेठेत बाजार म्हटलं की मंचरचं मार्केट यार्ड आठवणार. कांद्याचा भाव पडलेल्या माणसाला ‘स्वार्थ सोड, आनंद मिळेल’ असं सांगून बघा बरं! इथे बालकवी घाई करतात, असं माझं स्पष्ट मत आहे. रडणं आलं आणि लगेच उपायही आला.

पण त्या तीन आखूड ओळी बघा. आतापर्यंत त्या आभाळ, ढग, कमळ यांच्याबद्दल होत्या. इथे त्या द्वेष आणि मत्सर गेल्यावर काय उरतं, हे सांगतात. म्हणजे ध्रुवपद तेच, पण पहिल्यांदा आनंद बाहेर दिसत होता, शेवटी तो आतलं काहीतरी वजा करून उरलाय. ‘पॉझिटिव्ह राहा’ म्हणणाऱ्या रील्समध्ये ही वजाबाकी नसते.

आणि हा कवी काही सदा हसणारा नव्हता. ‘उदासीनता’ ही कविताही त्यांचीच. १८९० मध्ये धरणगावात जन्म, ५ मे १९१८ रोजी भादली स्टेशनजवळ रेल्वे अपघातात मृत्यू. वय २७. ऐकणाऱ्यांपैकी किती जणांचं आज तेवढंच असेल!

पुढच्या भागात ‘औदुंबर’. आठच ओळी आहेत, वाचून या.