पणजीचे माहेर



वंशावळ काढताना आपण सात पिढ्यांपर्यंत पोहोचतो. पणजीचे माहेर मात्र बहुधा कोणास ठाऊक नसते. बहिणाबाई चौधरींचे उदाहरण पाहावे. जन्म 1880 साली जळगावजवळील असोदे येथे. वडील उखाजी महाजन, आई भीमाबाई. विवाहानंतर जळगावच्या चौधरी घराण्यात आल्या. एका निरक्षर शेतकरी स्त्रीचे हे तपशील आज आपणांस ज्ञात आहेत. कारण पुत्र सोपानदेवांनी आईची कविता जपली आणि तिच्या निधनानंतर, 1952 साली, ती ग्रंथरूप झाली.

त्या पिढीतील इतर स्त्रियांचे काय? विवाहाबरोबर आडनाव पालटले, कित्येक घरांत नावही पालटले. कागदोपत्री उरली ती ‘अमक्याची बायको’. तिचा शोध सासर व माहेर अशा दोन्ही गावी घ्यावा लागतो. कोतवाल बुकातील जन्ममृत्यूच्या मोडी नोंदी, जमिनीच्या वारसनोंदी, तीर्थोपाध्यांच्या नामावळ्या आणि घरातील वृद्धांची स्मृती, ही त्याची साधने. यांपैकी शेवटचे साधन सर्वांत आधी नाहीसे होते.

आपण व्यापारी पै-पैचा हिशेब लिहून ठेवतो. त्याच वहीत आजी-पणजीचे नाव, गाव आणि माहेर यांचीही नोंद आजच व्हावी, एवढीच नम्र विनंती.