मुदत संपते तेव्हाच मागणी ऐकली जाते
(शाखा मेळाव्यातील भाषण)



करार संपत आला की प्रशासनाला युनियनची आठवण होते, हे तुम्हांला सांगायला नको. मुदत हेच मागणी करणाऱ्याचे बळ. कायद्यांचेही तसेच आहे. अमेरिकेचे उदाहरण आम्ही मुद्दाम मांडतो.

तिथे देशाबाहेरील परकीयांचे फोन-ईमेल वॉरंटशिवाय टिपण्याची तरतूद २००८ पासून आहे. तिला कलम ७०२ म्हणतात. परकीयाशी बोलणारा अमेरिकन नागरिकही त्यात सापडतो. पण या तरतुदीला मुदत असते. एप्रिल २०२४ मध्ये ती संपत होती, म्हणून सरकारला संसदेच्या दारी यावे लागले. मागणी आली : नागरिकाची माहिती चाळण्याआधी वॉरंट घ्या. १२ एप्रिलला मते पडली २१२ विरुद्ध २१२. बरोबरी म्हणजे नामंजूर. एका मताने मागणी गेली! तरी अडून बसलेल्या सभासदांमुळे मुदतवाढ पाचऐवजी दोनच वर्षांची मिळाली. म्हणजे पुन्हा वाटाघाटी आल्या. उलट बाजूनेही आपले साधून घेतले. अमेरिकेत येऊ पाहणाऱ्या परकीयांची छाननी याच माहितीतून करण्याची मुभा त्याच कायद्यात घातली गेली. व्हिसा मागणारी आपली मुलेही त्यात आली.

बळ वेळेवर वापरले नाही तर काय होते? रिपब्लिकन पक्षाने युक्रेनची मदत रोखून मेक्सिको सीमेच्या बंदोबस्ताची मागणी केली. तडजोडीचा मसुदा झाला, पण ७ फेब्रुवारी २०२४ रोजी त्याच पक्षाच्या बहुतेक सेनेटरांनी तो अडवला. एप्रिलमध्ये युक्रेनची मदत मंजूर झाली. सीमेचा मसुदा तसाच राहिला. मागणी बरोबर की चूक, हा प्रश्न वेगळा. हाती आले ते सोडले, हे खरे.

आता आपल्या घरचे पाहा. १९८६ साली टपाल अडवण्याचे अधिकार वाढवणारे विधेयक संसदेत मंजूर झाले. राष्ट्रपती झैलसिंग यांनी सही केली नाही. २०२३ चा डाकघर कायदा मात्र १८ जून २०२४ पासून लागू झाला. त्याच्या कलम ९ प्रमाणे सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था अशा कारणांवरून टपाल अडवता आणि उघडता येते. या अधिकाराला मुदत नाही. मुदत नाही, म्हणून सरकारला कुणाकडे परत यावे लागत नाही.

टपाल बंधूंनो, लोक पत्र देतात ते तुमच्या विश्वासावर. म्हणून आम्ही म्हणतो, असा अधिकार द्यायचाच तर त्याला तारीख घाला आणि दर वेळी संसदेत हिशेब द्या. ही मागणी आपल्या मागणीपत्रात आलीच पाहिजे.

कामगार एकजुटीचा विजय असो!