व्हिडिओकडे जाणारी दुसरी वाट

नाशिकच्या निफाड-दिंडोरीकडे द्राक्षांची ऑक्टोबर छाटणी सुरू झाली, की मोबाइलवर सल्ल्याचे व्हिडिओही सुरू होतात. किती डोळ्यांवर छाटायचं, पेस्ट कधी लावायची, डावणी रोगासाठी फवारणी कोणती. पण यूट्यूबच्या फुकट ॲपवर स्क्रीन बंद केली की आवाजही बंद पडतो. हातमोजे चढवून काडीला पेस्ट लावणाऱ्याने मग ऐकायचं कसं?

अशा वेळी कामाला येतं न्यूपाइपसारखं थर्ड पार्टी, म्हणजे यूट्यूबने न बनवलेलं, ॲप. 2015 पासून स्वयंसेवक ते चालवतात. गूगलचं खातं लागत नाही, फोन खिशात टाकला तरी आवाज सुरू राहतो, आणि घरच्या वायफायवर उतरवून घेतलेला व्हिडिओ रेंज नसलेल्या शिवारातही दिसतो. हे ॲप यूट्यूबचं संकेतस्थळ स्वतः वाचून व्हिडिओ शोधतं. त्यामुळे यूट्यूबने आतली रचना बदलली, की ते ठप्प होतं आणि दुरुस्तीची धावपळ सुरू होते.

अशी ॲप बंद पाडण्याचे प्रयत्न जुने आहेत. 2013 मध्ये विंडोज फोनसाठी मायक्रोसॉफ्टने बनवलेल्या यूट्यूब ॲपलाही गूगलने नोटीस धाडली होती. मार्च 2022 मध्ये गूगलच्या कायदेशीर पत्रानंतर व्हान्स्ड या अशाच ॲपने काम थांबवलं. जून 2023 मध्ये इन्व्हिडिअस या तशाच प्रकल्पाला यूट्यूबची नोटीस गेली.

यात कंपनीची बाजू अगदीच पोकळ नाही. अशी ॲप जाहिराती गाळतात, त्यामुळे कंपनीचं उत्पन्न बुडतं, तसंच बागेत उभं राहून व्हिडिओ करणाऱ्या मराठी माणसाचंही बुडतं. तो तोटा खराच आहे, आणि त्याची भरपाई व्हायलाच हवी.

पण त्यासाठी दारं बंद करण्याची गरज नाही. केबल टीव्हीत आपल्याकडे वेगळा मार्ग निघाला होता. डिसेंबर 2004 मध्ये ट्राय या दूरसंचार नियामकाने नियम केला, की वाहिनीने मागणाऱ्या प्रत्येक वितरकाला भेदभाव न करता सिग्नल द्यायचा. मोबदला घ्या, पण अडवणूक नको. 2013 मध्ये दुसऱ्या टप्प्यात नाशिकला सेट-टॉप बॉक्स सक्तीचे झाले, तेव्हाही हे तत्त्व कायम होतं. जाहिरातमुक्त प्रीमियम सेवेचे पैसे भरणाऱ्याला आपल्या पसंतीच्या ॲपमधून व्हिडिओ पाहू देणं यूट्यूबला का जमू नये? इंटरनेटवरच्या व्हिडिओला मात्र असा नियम नाही.

आता अडचण फोनपर्यंत आली आहे. ज्यांनी आपली ओळख गूगलकडे नोंदवलेली नाही, अशा विकसकांची ॲप प्रमाणित अँड्रॉइड फोनवर बसवता येणार नाहीत, असं कंपनीने ऑगस्ट 2025 मध्ये जाहीर केलं. सप्टेंबर 2026 मध्ये ब्राझील, इंडोनेशिया, सिंगापूर आणि थायलंड. 2027 पासून इतर देश. अनुभवी वापरकर्त्यांसाठी वेगळी सोय ठेवू, असं कंपनीने नंतर सांगितलं. तरी न्यूपाइप जिथून मिळतं, त्या एफ-ड्रॉइडने या नियमामुळे आपलं कामच संपेल, असा इशारा दिला आहे.

अशा बंधनांचा प्रश्न आपल्याकडे आधीही आला आहे. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर 2022 मध्ये गूगलला 1337.76 कोटी रुपयांचा दंड केला. प्ले स्टोअरबाहेरून ॲप घेण्यावर बंधनं घालू नका, असाही आदेश त्यात होता. मार्च 2023 मध्ये अपील न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवला, पण नेमका हा आदेश रद्द केला. प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेलं. 2027 उजाडण्याआधी आयोगाने हा मुद्दा नव्या नियमाच्या संदर्भात पुन्हा हाती घ्यावा.