लघवीचा त्रास : उपाय विचारून निवडू या

आम्ही मौदा तालुक्यातल्या बचत गटांच्या बाया. आज बोलणार आहोत लघवी गळण्याबद्दल. या त्रासापायी आपण रोवणीला जाणं टाळतो, एसटीत बसायला घाबरतो, पाणी पिणं कमी करतो. पण कोणाला सांगत नाही. बाळंतपणं झाली, वय झालं, आता असंच चालायचं, असं समजतो. पण याला उपाय आहेत. एकापेक्षा जास्त आहेत, म्हणून निवडावे लागतात.

आधी त्रास कोणता ते ओळखू या. खोकलताना, शिंकताना, पाण्याचा गुंड उचलताना गळते, हा एक प्रकार. एकदम घाई होते आणि संडासापर्यंत पोचेस्तोवर धीर निघत नाही, हा दुसरा. काही जणींना दोन्ही असतात. जळजळ, ताप, लघवीत रक्त असेल, किंवा बाळंतपणानंतर रात्रंदिवस सारखी गळत असेल, तर वाट पाहू नका, लगेच डॉक्टरांना दाखवा. लघवी आणि साखर तपासून घ्या.

पहिल्या प्रकारात सुरुवात व्यायामानं. लघवी अडवताना जे स्नायू आवळतो, ते आवळायचे, थोडं धरायचं, सोडायचं. श्वास रोखायचा नाही. एका वेळी ८ दा, दिवसातून ३ वेळा, निदान ३ महिने. भाकरी थापतानाही होतं. पैसा लागत नाही.

दुसऱ्या प्रकारात चहा कमी करायचा आणि दोन वेळांमधलं अंतर हळूहळू वाढवायचं. याला निदान ६ आठवडे द्यावे लागतात. तेवढ्यानं भागलं नाही तर गोळ्या आहेत. त्यातल्या काहींनी तोंड कोरडं पडतं, शौचाला कडक होते. अंग बाहेर येत असेल तर आत बसवायची रिंग मिळते. ती काढताही येते.

ऑपरेशन बहुतेक वेळा त्यानंतर. लघवीच्या नळीला आधार देण्यासाठी काही ऑपरेशनांत प्लास्टिकची जाळी बसवतात. इंग्लंडमध्ये त्या जाळीनं त्रास झालेल्या बायांनी आवाज उठवला, तेव्हा २०१८ साली तिथल्या सरकारी दवाखान्यांत ही ऑपरेशनं थांबवली. पुढच्या वर्षी तिथं बायांसाठी एक कागद निघाला : कोणत्या ऑपरेशनचा फायदा काय, धोका काय, ते साध्या भाषेत.

आणि कोणी म्हणालं, 'पिशवी काढून टाका', तर विचारा, कोणती पिशवी? गर्भाची पिशवी वेगळी, लघवीची वेगळी. गर्भाची पिशवी काढणं हा लघवी गळण्यावरचा उपाय नाही. बीड जिल्ह्यात ऊस तोडणाऱ्या कितीतरी बायांच्या पिशव्या कमी वयात काढल्या गेल्या. २०१९ साली सरकारला चौकशी समिती नेमावी लागली.

म्हणून दवाखान्यात जाताना चार प्रश्न लिहून न्या. माझा त्रास कोणत्या प्रकारचा? ऑपरेशनशिवाय काय करता येईल? या उपायाचा फायदा किती, त्रास काय? सध्या थांबले तर काय होईल? लिहिता येत नसेल तर गटातली एखादी सोबत न्या. उत्तर समजलं नाही तर पुन्हा विचारा. घरी जाऊन विचार करते, असं म्हणायचा आपल्याला हक्क आहे. सही त्यानंतर.

येत्या बैठकीत हप्त्याचा हिशेब झाला की हा विषय काढा. एक बोलली की बाकीच्या बोलतील.